हाताने घडवलेली चांदी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि सरळ उत्तरं

व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी सांगलीत, विश्रामबागला, घराच्या मागच्या खोलीत चांदीचे दागिने स्वतः कागदावर काढते आणि स्वतःच घडवते. दुकान नाही, हाताखाली कारागीर नाही. निम्मे प्रश्न घेणाऱ्यांचे असतात, निम्मे शिकायचंय म्हणणाऱ्यांचे. दोन्ही इथे मिसळलेत, तुम्हाला लागेल तेवढं वाचा.

चांदी शुद्ध आहे ना? १०० टक्के?

नाही, आणि दागिन्याला तुम्हालाही ती नकोच असते. अगदी शुद्ध म्हणजे ९९९ ची चांदी इतकी मऊ असते की रोज घालायची अंगठी महिनाभरात वाकडी होईल आणि खडा धरणारे दात उघडतील. म्हणून मी ९२५ वापरते, म्हणजे हजार भागांत ९२५ चांदी आणि बाकी तांबं. हिशोब सोपाय, १०० ग्रॅम शुद्ध चांदीत साधारण ८.१ ग्रॅम तांबं टाकलं की ९२५ होतं (लोक १०० मध्ये साडेसात टाकतात आणि तिथेच चुकतं, कारण टक्केवारी एकूण वजनाची असते). खड्याच्या घराची पातळ पट्टी मात्र मी शुद्ध चांदीची घेते, कारण ती दगडावर दाबून बसवायची असते, तिथे मऊपणाच कामाला येतो.

हॉलमार्क असतो का?

सोन्याला आता हॉलमार्क सक्तीचा आहे, चांदीला नाही, चांदीचा अजून ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी नंबर (त्या दागिन्याची ओळख) आला, तो बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो. पण हॉलमार्क बीआयएसकडे नोंदणी असलेल्या सराफाच्या मालालाच मिळतो. माझ्यासारखीची नोंदणी नसेल तर हॉलमार्क नाही, मग "हॉलमार्कसारखंच आहे ताई" असलं काही कुणी म्हणत असेल तर तिथून उठा.

आणि एक सांगते जे बरेच विक्रेते सांगत नाहीत. नुसता ९२५ चा ठसा बाजारात कुणालाही विकत मिळतो, त्यामुळे तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्या मालावरच्या ठशावरही नाही. मी शुद्ध चांदीचे दाणे पक्क्या बिलाने घेते, मिश्रण स्वतः करते, आणि प्रत्येक वितळणीतला एक तुकडा टेस्टिंगला देऊन टंच (शुद्धतेचं प्रमाण) काढून घेते, तो कागद मागितला की दाखवते. तुम्ही दागिना कुठेही नेऊन टंच काढा, कमी आला तर मी परत घेणार, वाद नाही.

फक्त एवढं माहीत असू द्या की टेस्टिंगचं एक्स-रे मशीन वरवरचा थरच वाचतं. दागिना तापवून तुरटीच्या पाण्यात टाकला की वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि तिथे चांदीचं प्रमाण वाढतं, म्हणून ९२५ चा माल कधी कधी ९४-९५ टक्के दाखवतो. तेव्हा खुश होऊ नका, आणि मीही त्याचे जास्त पैसे लावत नाही. खरा टंच हवा तर आतल्या बाजूला कानस मारून बघायला सांगा.

सराफाकडे याच वजनाचे पैंजण निम्म्या किमतीत मिळतात. तुमचं एवढं महाग का ओ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रास्त आहे, म्हणून नीट सांगते.

आपल्याकडे चांदी वजनावर घ्यायची सवय आहे. जुनी माणसं अजून भारात बोलतात, "वीस भाराचे पैंजण केले" म्हणतात, आणि किंमत म्हणजे वजन गुणिले भाव अधिक थोडी मजुरी, एवढाच हिशोब डोक्यात असतो. तो हिशोब हुपरीच्या पैंजणाला बरोबर लागू पडतो. हुपरी आपल्या शेजारीच, कोल्हापूर जिल्ह्यात, तिथे घराघरात चांदीकाम चालतं, एक जण तार ओढतो, दुसरा कड्या करतो, तिसरा झाळतो म्हणजे तापवून जोड सांधतो, चौथा पॉलिश, आणि हजारोंनी माल निघतो तेव्हा एका नगाला मजुरी अगदी कमी बसते. ते काम वाईट नाही हां, उलट तिथल्या माणसांचा हात बघितला तर माझ्यासारखीने गप्प बसावं. पण माझ्याकडे एक डिझाइन एकदा किंवा फार तर चार-पाच वेळा होतं आणि सगळ्या पायऱ्या एकाच माणसाच्या.

साध्या अंगठीचा हिशोब मांडते. आकडे सोपे पडावेत म्हणून भाव ग्रॅमला २०० रुपये धरू, हा आजचा भाव नव्हे, भाव रोज बदलतो. ४ मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड, मध्यम साइजची अंगठी साधारण ३.६ ग्रॅमची होते, म्हणजे चांदी ७२० रुपयांची. वितळवताना, घासताना थोडी घट जाते, ती ५ टक्के धरली तर ३६. वितळवणं, पत्रा काढणं, कापणं, वळवणं, झाळणं, कानस, पॉलिशपेपर, पॉलिश मिळून तीन तास गेले आणि तासाला २५० लावले तर ७५०. गॅस, ब्लेड, पॉलिशपेपर, डबी यांचे १००. झाले १,६०६. यात नक्षी नाही, खडा नाही, आणि डिझाइन कागदावर काढताना गेलेला वेळ तर मी धरलेलाच नाही.

म्हणजे छोट्या दागिन्यात मजुरी चांदीएवढी किंवा जास्त होते आणि जाडजूड कड्यात ती वजनाच्या मानाने किरकोळ वाटते. म्हणूनच माझ्याकडे कमी वजनाची वस्तू ग्रॅमच्या हिशोबाने "महाग" दिसते.

बिलावर मी वजन, टंच, त्या दिवशीचा भाव आणि मजुरी वेगवेगळं लिहून देते. उद्या तुम्ही हा दागिना मोडीत घातला तर चांदीचेच पैसे येतील, मजुरी परत येणार नाही, हे घेण्याआधीच सांगते. गुंतवणूक म्हणून घ्यायची असेल तर नाणं किंवा वीट घ्या, माझ्याकडे येऊ नका.

घासाघीस चालते का?

मजुरीत नाही. वजन कमी करून बजेटमध्ये बसवता येतं, ते बोलू.

चांदी काळी पडली, म्हणजे खोटी होती का? आई म्हणते अंगात उष्णता आहे म्हणून.

काळी पडली म्हणून खोटी ठरत नाही, खरी चांदीही काळी पडतेच. हवेतला, घामातला, खाण्यातला गंधक चांदीला लागला की वर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर येतो, बस. अंगातल्या उष्णतेचा यात काही दोष नाही, आईला माझा नमस्कार सांगा. घामाचं प्रमाण माणसागणिक वेगळं असतं म्हणून एकाची लवकर काळी पडते, दुसऱ्याची नाही.

आपल्या जिल्ह्यात याचं एक खास कारण आहे जे पुण्या-मुंबईच्या माहितीत कुठे सापडणार नाही. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागातल्या बायका मला सांगतात की ऑक्टोबर छाटणीनंतर अंगठ्या आठ दिवसांत काळ्या होतात, आणि दरवर्षी होतात. द्राक्षावर भुरी येऊ नये म्हणून गंधक फवारतात ना, तेच. बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी देतात तिथेही तसंच. बागेत जाताना चांदी काढून झिपच्या पिशवीत ठेवा, एवढं केलं तरी पुरतं. घरात कांदा चिरणं, अंडी उकडणं यानेही होतं पण हळूहळू.

रबरबँडने चांदी बांधून ठेवू नका, रबरात गंधक असतो, बरोबर तेवढ्याच रेषेत काळा पट्टा उमटतो. आणि रोज घातलेली चांदी कपाटातल्या चांदीपेक्षा जास्त चकचकीत राहते, कारण अंगाला घासून थर साचायला वेळच मिळत नाही. तेव्हा घाला.

मग साफ कशी करायची?

रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश, झालं. आपल्या आज्यांनी हेच केलं आणि ते बरोबर होतं. टूथपेस्ट नको, तिच्यात घासायची पावडर असते, ओरखडे येतात.

फारच काळी असेल तर भांड्यात तळाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल, त्यावर दागिना, चमचाभर खायचा सोडा आणि वरून कडक गरम पाणी. काळा थर डोळ्यादेखत जातो, वास येतो तो गंधकाचा. पण मोती, पोवळं बसवलेले, आतून लाख भरलेले आणि मुद्दाम काळे केलेले दागिने यात टाकायचे नाहीत. लाख गरम पाण्याने मऊ होते आणि मुद्दाम केलेला काळेपणा निघून गेला की नक्षी फिकी दिसते, मग मला फोन येतात.

ऑक्सिडाइज्ड म्हणजे चांदीच ना?

ऑक्सिडाइज्ड हा फक्त रंग झाला, धातू कुठला ते त्यावरून कळत नाही. जत्रेत, ऑनलाइन दोन-तीनशेला मिळणारं ऑक्सिडाइज्ड बहुतेक जर्मन सिल्व्हर असतं, ज्यात चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. दिसायला छान असतं, नवरात्रात घालायला काही हरकत नाही, फक्त चांदीच्या भावात घेऊ नका. निकेलने कान सुजतात अशी बरीच माणसं आहेत, त्यांनी जपून.

मी चांदी काळी करते ती दोन प्रकारे. एक रासायनिक पाण्यात, आणि दुसरी फुकटातली, उकडलेलं अंडं गरमागरम कुस्करून दागिन्यासकट झाकणाच्या डब्यात बंद करायचं. अंड्यातला गंधक काम करतो. थोड्या वेळाने आधी पिवळट-तांबूस, मग निळसर, मग करडा-काळा होतो, पाहिजे तिथे थांबवायचं. मग उंच भाग घासून पांढरा करायचा आणि खोलगट नक्षी काळी ठेवायची. अंडं चालत नसेल तर आधी सांगा, दुसरं वापरते. वारकरी घरातून हे खूप जण विचारतात आणि विचारलंच पाहिजे.

९२५ ने पुरळ येते का?

माझ्या चांदीत निकेल नसतं, फक्त तांबं. बऱ्याचदा अंगठीखाली साबण आणि ओल राहून कातडी लाल होते, चार दिवस काढून ठेवा, हात कोरडा करून घाला. तरी गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

आजीचे तोडे आहेत, वितळवून कानातले आणि पेंडंट करून द्याल का?

देते, पण आधी तोडे बघते, आणि दर दोन-तीन माणसांमागे एकाला "वितळवू नका" म्हणून परत पाठवते. जुने तोडे, वाळे, गोफ, कमरपट्टा यांची घडण आता कुणी त्या मजुरीत करून देत नाही. मोडलेली कडी किंवा फासा दुरुस्त होतो. पेटीत पडून आहे म्हणून वितळवायचं हे कारण मला पटत नाही, पण दागिना तुमचा, निर्णय तुमचा.

वितळवायचं ठरलंच तर या गोष्टी आधी ऐका. जुन्या चांदीचा टंच ठरलेला नसतो, ८०० निघेल किंवा ९५०, आणि एकाच तोड्यात दोन ठिकाणी वेगळा निघेल कारण झाळीत जस्त-तांबं जास्त असतं. पोकळ दागिन्यात लाख भरलेली असते, ती काढली की वजन खाली येतं, तेव्हा गिऱ्हाईकाचा चेहरा पडतो, म्हणून लाख मी समोर काढते आणि समोर वजन करते.

सगळ्यात वाईट म्हणजे शिशाची दुरुस्ती. कधीतरी कुणीतरी घाईत शिसं-कथिलाने जोड लावलेला असतो, राखाडी मऊ डाग दिसतो तिथे. असा तुकडा तापवला की शिसं चांदीत शिरतं आणि पत्र्याला खड्डे पडतात, तुकडे होतात. असा भाग आधी कापून बाजूला काढावा लागतो.

बरं, वितळवून नवीन केल्यावर "ही माझ्या आजीचीच चांदी कशावरून" हाही प्रश्न येतो. म्हणून शक्य असेल तर त्या दिवशी या, समोर मूस (चांदी वितळवायचं भांडं) तापवते. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबं असेल तर त्याच्या थोडं आधीच, टाकणखार टाकला की मळ बाजूला जातो आणि मधे आरशासारखी चकचकीत होते. बघायला मजा येते, लहान मुलांना घेऊन या पण लांब उभं करा.

शुद्ध का नाही करून घेत मग? आपल्या विट्याचे लोक तेच करतात ना?

करतातच की. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले भारतभर, गावोगावच्या सराफ बाजारात हेच काम करतात, आणि आपल्या जिल्ह्याला याचा अभिमान पाहिजे तेवढा नाही असं माझं मत. जुनी चांदी शोऱ्याच्या तेजाबात (नायट्रिक अ‍ॅसिड) विरघळवायची, मग त्या पाण्यात तांब्याचे तुकडे टाकले की तांबं विरघळत जातं आणि चांदी भुकटी होऊन खाली बसते. ऐकायला सोपं वाटतं पण त्यातून निघणारा तपकिरी धूर फुप्फुसं खराब करतो, आणि उरलेलं निळं-हिरवं पाणी गटारात सोडायचं नसतं. मी करत नाही, गलाईवाल्यांकडे देते. तुम्हीही व्हिडिओ बघून गच्चीवर प्रयोग करू नका.

देवाचे टाक करता का?

नाही. टाक ठशावर पत्रा ठोकून होतात आणि ठसे पिढ्यानपिढ्या ज्या सोनारांकडे आहेत त्यांच्याकडेच जा, खंडोबा, जोतिबा, बिरोबा, कुणाचा टाक कसा असतो हे त्यांना तोंडपाठ असतं.

जोडवी घट्ट होतात किंवा निघून पडतात, साइज कसा द्यायचा?

बोटाचं माप संध्याकाळी घ्या, सकाळी नको, दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजतात. दोन्ही पायांचं वेगळं घ्या, सारखं नसतं. उन्हाळ्यात लग्न असेल तर मापात किंचित सैल ठेवायला सांगा. रोज घालायला मी खालून उघडी जोडवी सुचवते, दाबून-सोडून साइज जमतो, पण ती सारखी उघड-मीट करू नका, वाकवून वाकवून चांदी कडक होते आणि एक दिवस तडकते. आणि कितीही आवडलं तरी जोडव्याला खडा बसवू नका, फरशीवर आपटतो.

चांदीत ठुशी, बुगडी, नथ? सोन्याचं पाणी देऊन?

बुगडी, नथ करते. ठुशीचे मणी मी करत नाही, तयार आणून ओवते, आणि तसं सांगून देते. सोन्याचं पाणी घासून जातंच, अंगठीवर लवकर, कानातल्यावर उशिरा. कायमचं राहतं म्हणणाऱ्याला लेखी मागा.

पिंटरेस्टवरचा फोटो पाठवला तर सेम टू सेम कराल?

सेम टू सेम नाही. तो कुणातरी कारागिराचा विचार आहे, आणि डिझाइनची नोंदणी केलेली असेल तर डिझाइन्स अ‍ॅक्ट, २००० खाली त्याला १० वर्षं आणि वाढवून आणखी ५ वर्षं संरक्षण असतं. फोटो पाठवा जरूर, त्यातलं नेमकं काय आवडलं ते सांगा, गोलाई, जाडी, खड्याचा रंग, त्यावरून मी दोन-तीन चित्रं काढते. कोयरी, बेलपान, मासोळी, चंद्रकोर हे कुणा एकाचं नाही, त्यावर कितीही खेळू.

माझी डिझाइन्स बहुतेक इथल्याच गोष्टींची असतात. हळदीचं पान, द्राक्षाची वेल (सोपी वाटते पण तिचे ताणे झाळताना जीव जातो), मिरजेच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याची गोलाई. कृष्णेचा घाट करून बघायचाय, अजून कागदावरच आहे.

मशीन वापरता, मग हॅन्डमेड कसलं?

पत्रा काढायचं रोलिंग मशीन आणि पॉलिशची मोटर आहे माझ्याकडे. हाताने काढलेला पत्रा आणि रोलरचा पत्रा यात घेणाऱ्याला काही फरक पडत नाही, माझ्या खांद्याला पडतो. माझी रेष अशी आहे की आकार माझ्या हाताने आणि माझ्या डोळ्याने आला पाहिजे. तयार ओतीव भाग आणून नुसतं जोडलं तर त्याला मी हाताने घडवलेलं म्हणत नाही.

ओतकाम मी समुद्रफेसात, म्हणजे कटलफिश माशाच्या वाळलेल्या हाडात, करते. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, मऊ असतो, त्यात आकार कोरायचा, दोन अर्ध्या बाजू बांधायच्या आणि वितळलेली चांदी ओतायची. साचा एकदाच चालतो, जळतो, वास भयंकर येतो. पण त्याच्या थरांच्या रेषा चांदीवर उमटतात त्या दुसऱ्या कशाने येत नाहीत.

मला शिकायचंय. सोनार घरातली नाही. जमेल का?

मीही नाही. सराफ कट्ट्याजवळच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे बसून शिकले, आधी बरेच दिवस नुसती कानस मारली. सांगलीत सराफी जुनी आहे, गाडगीळांची पेढी १८३२ साली इथेच सुरू झाली, तेव्हा शिकवू शकणारे हात गावात आहेत. फक्त ते "क्लास" म्हणून पाटी लावत नाहीत. जाऊन बसावं लागतं, चहा सांगावा लागतो, आणि बाई बघून पहिल्यांदा जरा अवघडतात.

सुरुवात तांब्याने करा, चांदीने नको. तांब्याला तापवणं, कापणं, वळवणं जवळपास तसंच आहे आणि बिघडलं तर वाईट वाटत नाही. पहिल्यांदा घ्यायचं ते एवढंच: सॉ फ्रेम आणि २/० किंवा ३/० ची ब्लेडं भरपूर (तुटणारच, मोजू नका), दोन-तीन चांगल्या कानशी, पकड, छोटी ऐरण, हातोडी, अंगठीची मापाची काठी, टॉर्च (झाळायची, गॅसची), टाकणखार, ०.०१ ग्रॅमचा काटा. रोलिंग मशीन नंतर, तोपर्यंत पत्रा तयार आणा. स्वस्त कानस घेऊ नका, बाकी सगळं स्वस्तातलं चालेल.

पत्रा मागताना गेजमध्ये मागू नका, मिलिमीटरमध्ये मागा. गेजचे दोन प्रकार आहेत, २० गेज एका पद्धतीत ०.८१ मिलिमीटर आणि दुसऱ्या पद्धतीत ०.९१, दुकानदार एक समजतो आणि यूट्यूबवाला दुसरं.

अंगठीच्या पट्टीची लांबी काढायला आतला व्यास अधिक पत्र्याची जाडी, गुणिले ३.१४. आतला व्यास १७ आणि जाडी दीड असेल तर १८.५ गुणिले ३.१४ म्हणजे ५८ मिलिमीटर. जाडी विसरली की अंगठी लहान होते.

झाळताना सोल्डर (जोडाचा धातू) गोळा होऊन बसतं, पळत नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा आच चुकते. नवीन माणूस ज्योत थेट सोल्डरच्या तुकड्यावर धरतो, तो बिचारा वितळून गोळा होतो आणि दागिना अजून थंडच. पाणी उताराकडे जातं तसं सोल्डर उष्णतेकडे जातं, म्हणून आधी आख्खा दागिना सगळीकडून तापवायचा, जाड भागाला जास्त वेळ, आणि मग ज्योत जोडाच्या अशा बाजूला न्यायची जिकडे सोल्डर ओढायचंय.

दुसरं म्हणजे फट. उजेडासमोर धरल्यावर जोडातून उजेड दिसला तर झाळू नका, परत कानस मारा, सोल्डर फट भरत नाही. तिसरं म्हणजे तेलकट बोटं. आणि बरेच जोड असतील तर आधी उशिरा वितळणारं हार्ड, मग मीडियम, शेवटी इझी, नाहीतर तिसरा जोड लावताना पहिला सुटतो.

तुरटीच्या किंवा सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यातून दागिना काढायला लोखंडी चिमटा वापरला की चांदीवर तांब्याचा तांबूस थर चढतो. तांब्याचा किंवा प्लॅस्टिकचा चिमटा ठेवा.

कॅडमियमचं सोल्डर स्वस्त मिळतं आणि सुरेख पळतं. घेऊ नका. त्याचा धूर विषारी असतो आणि लगेच कळत नाही. विकत घेताना "बिनकॅडमियमचं" असं तोंडाने विचारा.

फ्लॅटमध्ये करता येईल का?

कापणं, घासणं, खडे बसवणं येईल. गॅस आणि टॉर्चसाठी खिडकी उघडी पाहिजे, खाली विटा किंवा सिरॅमिकची फरशी, जवळ पाण्याची बादली. सिंथेटिक कपडे नकोत, ओढणी नको, केस बांधून. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही. पॉलिशच्या मोटरवर साखळी हातात गुंडाळून कधीच धरू नका, मोटर ती खेचते आणि बोटासकट खेचते. ठोकाठोकीचा आवाज होतो तेव्हा खालच्यांना दुपारी झोपू द्या.

नदीजवळ राहत असाल तर सामान वरच्या मजल्यावर. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण बघितलाय, पुराच्या गाळात चांदीला काही होत नाही पण कानशी आणि रोलर गंजून जातात.

घासताना पडलेली चांदी फुकट जाते का?

छे. मांडीवर कातडं असतं, त्यात कीस पडतो, तो वेगळा साठवते. जमिनीचा केरसुद्धा ठेवते, झारेकरी (केरातून धातू वेगळा काढणारे) घेऊन जातात. म्हणून माझ्या खोलीत बाहेरची चप्पल नको म्हणते, राग मानू नका.

यावर पोट भरतं का?

पहिली दोन-तीन वर्षं घरात दुसरी कमाई असली तर बरं. लग्नसराई आणि दिवाळीत काम खूप, पावसाळ्यात कमी, आणि चांदीचा भाव उसळला की लोक थांबतात. म्हणून मी ऑर्डरच्या दिवशीच चांदीचे पैसे घेऊन त्या भावाने चांदी उचलते, मजुरी नंतर. भावाशी जुगार खेळायचा नसेल तर हाच एक मार्ग.

सरकारी योजनेत पीएम विश्वकर्मा बघा, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्यातल्या १८ व्यवसायांत सोनारही आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० पर्यंत, आणि कर्ज आधी १ लाख, ते फेडलं की २ लाखांपर्यंत, ५ टक्के व्याजाने. घरातल्या एकालाच मिळतं, नोंदणी सीएससी केंद्रात. चांदीच्या दागिन्यावर जीएसटी ३ टक्के आहे, आणि महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. पण राज्याबाहेर विकायचं म्हटलं की नियम बदलतात, तेव्हा सीएला विचारून मगच बेळगावची ऑर्डर घ्या.

कुरिअरने पाठवता का?

बऱ्याच खासगी कुरिअरवाल्यांना मौल्यवान धातू चालत नाही, ते न सांगता पाठवलं आणि हरवलं तर भरपाई मागता येत नाही. मी पोस्टाचं विमा पार्सल करते, खर्च तुमच्याकडे. डबी उघडताना व्हिडिओ काढा, आणि हातात पडल्यावर आधी वजन करून बिलाशी ताडून बघा, काटा घरात नसेल तर जवळच्या सराफाकडे जा, कुणी नाही म्हणत नाही.

ऑर्डर दिल्यावर किती दिवस?

साधी अंगठी आठवड्यात. नक्षीचं, खड्याचं काम तीन-चार आठवडे. दिवाळीचं हवं असेल तर गणपतीच्या आधी सांगा, नवरात्रात फोन करून "दोन दिवसांत होईल का" विचारलं तर उत्तर नाही असंच येईल.